आईंनी लाइट का लावली नाही?

जानेवारी २०२२ मधली गोष्ट. पहाटेचे साडेतीन वाजले असतील. बाथरूममधून धप्प असा आवाज आला आणि पाठोपाठ बादली लवंडल्याचा. मी धावले. दारापाशी जाऊन बटण दाबलं तर लाइटीबरोबर वरचा पंखा भर्रर्र करून सुरू झाला. त्या आवाजात आईंचं कण्हणं मला ऐकूसुद्धा आलं नाही. माझ्या सासूबाई, वय चौऱ्याहत्तर, ओल्या फरशीवर बसलेल्या होत्या. डावा हात उजव्या हातात घट्ट धरलेला. मनगट मोडलं होतं.

पुढे प्लास्टर, गोळ्या, भेटायला येणाऱ्यांचा चहा असं सगळं रीतसर झालं. येणारी प्रत्येक बाई एकच विचारायची, "अहो पण अंधारात कशाला गेलात?" आई नुसतं हसायच्या. खरं सांगायचं तर मीही मनातून चिडले होते. या वयात इतका हट्ट कशाला! आठेक दिवसांनी त्यांची वेणी घालताना मी विचारलंच.

"अगं, लाइट लावली की तो पंखा बोंबलतो," त्या म्हणाल्या. "लेकराची परीक्षा, त्याची ड्युटी. उगं काहून सगळ्यांची झोप मोडायची? मला पाठ आहे ती मोरी."

"कधीपासून असं करताय?"

"घर झाल्यापासून."

घर झालं २०१५ साली. मी मनातल्या मनात हिशेब केला. सात वर्षं, रात्रीतून दोनदा. म्हणजे पाच हजार वेळा ही बाई अंधारात, भिंतीला हात लावत, पाण्याच्या ड्रममधून वाट काढत गेली होती. पाच हजार वेळा नीट परत आली आणि एकदा नाही आली. आणि आम्ही काय म्हणत होतो, तर म्हातारीला हट्ट फार.

आता हा पंखा आमच्या घरात आला कसा, ते सांगते. स्वयंपाकघरातल्या फरश्या मी निवडल्या होत्या, देवघराचा संगमरवर आईंनी. बाथरूम मात्र 'तुम्ही बघा' म्हणून कंत्राटदारावर सोडलं. त्यांनी बारा इंची लोखंडी पंखा बसवला आणि मोठ्या अभिमानाने सांगितलं, "वहिनी, एकदम हेवी ड्युटी माल आहे!" आमचं जालना हे सळयांचं गाव. एमआयडीसीत भट्ट्या आणि रोलिंग मिला. इथे 'हेवी ड्युटी' म्हटलं की माणूस पुढे काही विचारतच नाही. असा पंखा कारखान्याच्या शेडमध्ये शोभतो. पाच बाय सातच्या न्हाणीघरात तो म्हणजे देवघरात टांगलेला शाळेचा टोल! वर इलेक्ट्रिशियनने तार वाचवायला लाइट आणि पंखा एकाच बटणावर घेतले. उजेड हवा तर आवाज घ्या. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मलासुद्धा.

'आपल्याकडे एवढी कोरडी हवा, बाथरूमला पंखा हवाच कशाला?' असं म्हणणारे खूप भेटतात. मे महिन्यात त्यांचं बरोबरही असेल. पण आपल्या बाथरूमचा खरा उपयोग काय, ते बघा. आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही. २०१२-१३चा दुष्काळ ज्यांनी जालन्यात काढला, त्यांच्या घरात तेव्हापासून एक जास्तीचा ड्रम कायमचा मुक्कामाला आहे. नगरपालिकेची २०२३ मध्ये महानगरपालिका झाली, पण आमच्या बाथरूममधला ड्रम काही हलला नाही. म्हणजे ती खोली अंघोळीची, धुण्याची आणि पाणी साठवायचीही. चोवीस तास ओल.

जुन्या घरांत न्हाणी मागच्या अंगणात असायची. वर झरोका, कधी अर्धी भिंत उघडीच. बंबाचा धूर, वाफ, वास, सगळं आपोआप बाहेर जायचं. आता न्हाणी थेट बेडरूमला चिकटली. खिडकी असली तरी ती डक्टच्या अंधाऱ्या पोकळीत उघडते. झरोक्याचं काम पंख्यावर आलं. पण झरोका आवाज करत नव्हता, एवढं आपण विसरलो.

आणि मैत्रिणींनो, आपल्याच पानावर म्हणून एक गोष्ट मोकळेपणाने लिहिते. बाथरूममध्ये काय वाळतं? आपले आतले कपडे. गच्चीवरच्या दोरीवर साड्या, शर्ट, टॉवेल, अगदी पायपुसणीसुद्धा उन्हात डोलत असतात. आपल्या वस्तू मात्र दाराआडच्या खुंटीवर, ओलसर अंधारात. पावसाळ्यात दोन-दोन दिवस त्या दमटच राहतात आणि तशाच अंगावर चढतात. मग खाज, चट्टे, बुरशी. डॉक्टरीणबाईंनी मला मागे स्पष्ट सांगितलं होतं, "कपडे उन्हात वाळवा." ते खरंच आहे. ऊन ते ऊन, पंखा काही त्याची जागा घेणार नाही. पण ज्या घरात सुनेला अजून दोरीवर ते वाळत घालायची चोरी आहे, तिथे निदान चालणारा पंखा तरी हवा. चालणारा म्हणजे लावला जाणारा. आमचा होता, पण लावत कोण होतं? अंघोळ झाली की जो तो आधी ते बटण बंद करायचा. एवढा शक्तिमान पंखा, दिवसातून अर्धा तासही फिरत नव्हता. छताच्या कोपऱ्यात काळे ठिपके आले, दाराची चौकट फुगली, आणि दर दिवाळीला घासायला कोण, तर मीच.

उलटी बाजूही सांगायला हवी. माझी एक मैत्रीण म्हणते, "मला तर आवाजाचा पंखाच बरा वाटतो." तिचं बाथरूम दिवाणखान्याला लागून आहे. नवीन लग्न झालेलं, घरात सासरे-दीर-पाहुणे. आतला आवाज बाहेर जाऊ नये म्हणून ती आत गेल्या गेल्या पंखा लावायची. मला हसू आलं आणि मग वाईटही वाटलं. तिची अडचण खोटी नाही. पण तिच्यावरचा उपाय जाड, नीट बसणारं दार हा आहे, कर्कश पंखा नव्हे. अर्थात दार बदला म्हणायला नव्या सुनेला किती वर्षं लागतात, ते आपण जाणतोच.

प्लास्टर निघालं त्या आठवड्यात मी पंखा घ्यायला सदर बाजारात गेले. एकटी. "कमी आवाजाचा द्या," म्हटल्यावर दुकानदार हसले. "मॅडम, एक्झॉस्ट आहे, आवाज तर करणारच. घरी साहेबांना विचारून घ्या कितीचा पाहिजे." साहेब दिवसभर मिलच्या धडधडाटात असतात. त्यांना घरी आल्यावर कुठलाच आवाज मोठा वाटत नाही! मी म्हटलं, खोकी दाखवा.

त्या दिवशी आणि त्यानंतर वाचून, विचारून जे कळलं ते असं. खोक्यावर पाहायच्या गोष्टी तीन: हवा किती ओढतो, फेरे किती आणि आवाज किती डेसिबल. हवेचा हिशेब आपल्याला भाजणीच्या प्रमाणाइतका सोपा आहे. माझं बाथरूम सात फूट लांब, पाच फूट रुंद, नऊ फूट उंच. गुणाकार ३१५ घनफूट. तासाला साधारण आठ वेळा त्यातली हवा बदलावी, असा ढोबळ नियम धरला तर २५२० घनफूट, म्हणजे सुमारे ७१ घनमीटर. खोक्यावर आकडा घनमीटर प्रतितास असा असतो आणि घरगुती सहा इंची पंख्यांवरही तो याच्या दुप्पट-तिप्पट सहज सापडतो. मात्र तो मोकळ्या हवेतला असतो. पाइप, कोपरे, जाळी आली की प्रत्यक्षात बरंच कमी मिळतं, म्हणून दुप्पट घ्यावा. पण बारा इंची? एवढ्याशा खोलीला त्याची काही गरज नव्हती. वरणाला फोडणी द्यायला कढई कशाला हवी!

आवाजाचं गणित जरा फसवं आहे. डेसिबल दहाने वाढले की आपल्या कानाला आवाज सुमारे दुप्पट वाटतो. म्हणजे ४५ आणि ५५ यांतला फरक 'थोडासाच' नसतो. ध्वनिप्रदूषणाचे जे नियम २००० साली आले, त्यांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि दिवसाची ५५. ते नियम घराबाहेरच्या आवाजासाठी, घरातल्या पंख्याला लागू नाहीत. पण रात्री गल्लीत किती आवाज चालेल हे सरकारने ठरवलं आणि उशापासून आठ फुटांवर किती चालेल हे कुणीच नाही, याची मला गंमत वाटली. अमेरिकेत असे पंखे 'सोन' या मापावर विकतात. एक सोन म्हणजे शांत फ्रिजएवढा, दोन सोन म्हणजे कानाला त्याच्या दुप्पट. हे माप बाईमाणसाला चटकन कळण्यासारखं आहे. आपल्याकडे बऱ्याच खोक्यांवर डेसिबलसुद्धा छापलेले नसतात. नसतील तर मी ते खोकं बाजूला ठेवते, सरळ.

सारखीच हवा ओढणाऱ्या दोन पंख्यांत थोडं मोठं पातं आणि कमी फेरे असलेला पंखा शांत असतो. लहान पात्याला तेवढ्याच हवेसाठी गरागरा फिरावं लागतं आणि त्या वेगाचीच शिट्टी वाजते. आत बुश आहे की बेअरिंग, तेही विचारावं. बुशचा पंखा नवा असताना छान गप्प असतो, वंगण वाळलं की कुरकुरायला लागतो. सगळ्यात शांत म्हणजे माळ्यावर, पाइपच्या मध्ये बसवायचा पंखा. मोटर दूर आणि बाथरूममध्ये नुसती जाळी. पण तो महाग, आणि आमच्या माळ्यावर पाण्याची टाकी बसलेली! ते स्वप्न तिथेच मिटलं. दुकानात पंखा लावून बघा, हे मात्र जरूर करा, फक्त त्यावर पूर्ण विश्वास ठेवू नका. हातात धरलेला पंखा आणि भिंतीत बसलेला पंखा यांचा आवाज वेगळा असतो. दोन हजारांच्या आतबाहेर मला हवा तसा मिळाला.

खरी लढाई बसवताना झाली. आलेला मुलगा कामाचा होता, पण घाईचा. जुना पंखा काढल्यावर भिंतीला बारा इंचांचं भगदाड राहिलं. तो म्हणाला, "ताई, प्लायवूडची फळी मारतो, तिच्यात नवा बसवतो. दहा मिनिटांचं काम." मी कशी कोण जाणे, अडले. पातळ फळी म्हणजे ढोलकीचं पान. तिच्यावर कितीही गुणी पंखा बसवला तरी ती घुमणारच. शिवाय ओलीने फुगणार. गवंड्याला बोलावून भगदाड विटांनी भरून घेतलं आणि पाइपापुरतंच भोक ठेवलं. दोन दिवस गेले, घरात कुरकुर झाली, "एवढ्याशा पंख्यासाठी!" होऊ दिली.

मग चौकटीच्या मागे रबराची पट्टी लावली, म्हणजे पंख्याची थरथर भिंतीत उतरत नाही. स्क्रू पोकळ प्लास्टरमध्ये नाही, पक्क्या विटेत. पाइप गुळगुळीत पीव्हीसीचा, चुण्याचुण्यांचा लवचीक नाही, आणि बाहेरच्या बाजूला किंचित उतार, म्हणजे आत साचलेलं पाणी पंख्यावर परत येत नाही. बाहेर झडप हवीच, नाहीतर बंद पंख्यातून डक्टचा वास आणि कबुतरं दोन्ही आत येतात. पण हलक्या पत्र्याची झडप वाऱ्याने रात्रभर खट्-खट् वाजते, तेव्हा कडेला फोमची बारीक पट्टी चिकटवून घ्यावी. वेग कमी करायला रेग्युलेटर लावू का, असं त्याने विचारलं. नको म्हटलं. अशा छोट्या मोटरी पुष्कळदा रेग्युलेटरवर गुणगुणतात, आणि ती गुणगुण भर्रर्रपेक्षा जास्त डोक्यात जाते.

आणि दार! पंखा हवा बाहेर फेकतो, तर तेवढीच आत कुठून तरी यायला हवी. आमचं दार खाली फरशीला इतकं टेकलेलं की पंखा नुसता धापा टाकायचा. सुताराकडून दार खालून पाऊण इंच कापून घेतलं. माझ्या मते सगळ्या खर्चात हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी. पंखाही दारासमोरच्या भिंतीत, वरच्या बाजूला हवा, म्हणजे हवा खोलीभर फिरून जाते.

बटणं वेगळी करायची म्हटल्यावर सगळ्यात जास्त विरोध झाला. भिंत फोडावी लागेल, टाइल तडकेल, वगैरे. शेवटी भिंतीवरून प्लास्टिकच्या पट्टीतून तार नेली. दिसायला फार देखणं नाही. पण आता लाइटीचं बटण लाइटीचं आणि पंख्याचं पंख्याचं. दोन्ही बटणं बाथरूमच्या बाहेर, पंख्याला अर्थिंग, आणि त्याच फेरीत मुख्य बोर्डावर शॉकपासून वाचवणारा आरसीसीबी बसवून घेतला. पाणी आणि वीज एका खोलीत नांदवायची तर एवढं हवंच.

गॅस गिझरबद्दल थोडं लिहिणं भाग आहे, कारण पंख्याची चौकशी करणाऱ्या दोघींनी मला तेच विचारलं: "पंखा बसवला की आत गॅस गिझर चालेल ना?" नाही, चालणार नाही. बंद खोलीत गॅस जळताना हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात तो प्राणवायूची जागा घेतो आणि माणसाला कडी काढायचंही सुचत नाही. दर हिवाळ्यात अशा बातम्या आपण वाचतो. दाराखाली फट नसेल तर पंखा तो वायू बाहेर न काढता गिझरच्या धुराड्यातूनच उलटा आत ओढू शकतो. लाइट गेली तर पंखा बंद आणि गिझर मात्र चालूच. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत, आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप. यात तडजोड नाही.

आता अंघोळीनंतर पंखा वीस मिनिटं चालतो. कुणी बंद करत नाही, कारण तो चालू आहे हे लक्षातच येत नाही. छताचे डाग एकदा घासून रंगवले, ते परत आले नाहीत. तीन महिन्यांनी पाती काढून पुसते. आपल्याकडची धूळ म्हणजे काय विचारता, एका पात्यावर जास्त बसली की तोल जातो आणि पंखा थरथरायला लागतो. दाराला धरायला एक दांडा लावून घेतला. तो खरं तर सात वर्षांपूर्वीच लावायला हवा होता.

आई आता रात्री लाइट लावतात. पहिल्या दिवशी मात्र त्यांना नवा पंखा बिघडलाय असंच वाटलं. "फिरंना की गं हा!" मी वर्तमानपत्राचा एक तुकडा फाडून स्टुलावर चढले आणि जाळीला लावला. तो तिथेच चिकटून राहिला. त्यांनी खालून बघितलं, डाव्या हाताने पदर सावरला. ते मनगट अजून पूर्ण वळत नाही. म्हणाल्या, "एवढंच होतं व्हय?"

परवा भोकरदनला माहेरी गेले होते. आईच्या बाथरूमबाहेर एकच बटण आहे. आई आता सत्तरीची. "रात्री लाइट लावतेस ना गं?" विचारलं तर म्हणाली, "कशाला? मला पाठ आहे." रविवारी त्या इलेक्ट्रिशियनच्या मुलाला घेऊन जाणार आहे. रबराची पट्टी आणि वेगळं बटण आजच आणून पिशवीत टाकलंय.